लेन्सपुढची काच

आजीचा शेवटचा चांगला फोटो मी काढला, आणि तो बिघडवलाही मीच. हे कळायला मला तीन महिने लागले.

१२ नोव्हेंबर २०२३. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. चाकूरच्या आमच्या जुन्या घरात ऐन पूजेच्या वेळी लाइट गेली. आजी ताटात पाच पणत्या घेऊन माजघरातून उंबऱ्याकडे निघाली होती. सगळ्या घरात उजेड तेवढा त्या पाच वातींचा. मी पुण्याहून आणलेला कॅमेरा उचलला आणि एकच फोटो काढला. लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला. फोनवर तो सुंदर दिसत होता. मामा, मावशी, आत्या, सगळ्यांचे जोडलेले हात आले.

फेब्रुवारीत आजी गेली. फ्रेम करायला फोटो हवा होता, तेव्हा हाच फोटो सगळ्यांना आठवला. मी मूळ फाइल लॅपटॉपवर उघडली आणि पूर्ण मोठी केली. आजीच्या कपाळावर, बरोबर गोंदणाच्या ठिकाणी, एक बारकी हिरवी ज्योत होती. उलटी. दुसरी गालावर, तिसरी पदरावर, उरलेल्या दोन मागच्या भिंतीवर.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. चूक दिसली की आकडे मांडायची सवय. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा होता. खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका पणतीची ज्योत १५०० आणि २९०० वर होती. कपाळावरची हिरवी ज्योत ४५०० आणि ११०० वर. बेरीज ६००० आणि ४०००. दुसऱ्या ज्योतीचंही तेच, तिसरीचंही, दहा-वीस पिक्सेल इकडे-तिकडे. म्हणजे प्रत्येक ज्योतीचं भूत फोटोच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे, उलटं होऊन बसलेलं. हा योगायोग नव्हता. हे आरशाचं काम होतं, आणि आरसा माझ्याच कॅमेऱ्यात होता.

पुण्याला आल्यावर खोलीत अंधार करून मेणबत्ती लावली. एक फोटो होता तसा काढला, हिरवं भूत आलं. मग लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसवलेली चपटी गोल काच फिरवून काढली आणि दुसरा फोटो काढला. भूत गायब.

ती काच म्हणजे यूव्ही फिल्टर. पहिल्या पगारातून मी कॅमेरा घेतला तेव्हा काकांनी ती स्वतःच्या हाताने बसवून दिली होती. वर बजावलं होतं, "आधी फिल्टर लाव, मग फोटो काढ. काच फुटली तर चारशे रुपयाची फुटंल. लेन्स फुटली तर रडशील."

काकांनी चाकूरमध्ये १९८६ साली फोटो स्टुडिओ टाकला. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे अल्बम त्यांच्या हातचे असतील. त्यांना जाऊन कसं सांगायचं, की तुमच्या काचेने आजीचा फोटो खराब केला? सांगण्याआधी मला स्वतःला कळून घ्यायचं होतं, की ही काच लेन्सपुढे आली कशी, आणि का. सुट्टीत घरी गेलो तेव्हा काकांकडे त्यांचा पेढ्यांचा जुना पत्र्याचा डबा मागितला. त्यात तीन फिल्टर होते. एक पिवळा, एक फिकट गुलाबी, एक बिनरंगी. फोटोग्राफीच्या दीडशे वर्षांचा इतिहास त्या डब्यात ओळीने पडला होता.

पिवळी काच

जर्मन संशोधक योहान रिटर याने १८०१ साली लोलकातून निघालेल्या सप्तरंगांच्या पट्ट्यात चांदीच्या क्षाराने माखलेला कागद धरला. उजेडाने हा क्षार काळा पडतो. रिटरला दिसलं, की कागद सगळ्यात लवकर काळा पडतो तो जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. अतिनील किरणांचा शोध लागला तो असा.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. फोटोग्राफीची घोषणा व्हायला १८३९ साल उजाडावं लागलं, पण चांदीचा क्षार माणसाला न दिसणारा उजेड पाहतो हे त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधीच नोंदलेलं होतं. पुढे त्याच चांदीच्या क्षारांपासून फोटोच्या काचा बनल्या, आणि त्यांनी ही खोड जन्मतःच बरोबर आणली. निळा, जांभळा आणि अतिनील उजेड त्यांना भरपूर दिसे. हिरवा जेमतेम. लाल तर दिसतच नसे.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे सगळ्यात नावाजलेले फोटोग्राफर म्हणजे राजा दीनदयाळ. ते रूडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, म्हणजे शिक्षणाने आमच्याच बिरादरीतले! १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ काढला, पुढे सहाव्या निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. त्या काळातले राजवाड्यांचे, किल्ल्यांचे फोटो बघा. दगडाचा कण न् कण दिसतो, पण वर आभाळ बहुतेक वेळा कोऱ्या कागदासारखं पांढरं. ढग नव्हते असं नाही. निळं आभाळ त्या काचेला इतकं लख्ख दिसायचं, की पांढरा ढग आणि निळं आभाळ यांत फरकच उरायचा नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५०च्या दशकात यावर उपाय काढला होता. समुद्राचा एक फोटो घ्यायचा, आभाळाचा दुसरा, आणि छापताना दोन्ही जोडायचे. आज फोनमध्ये आभाळ बदलून देणारं जे बटण असतं, त्याचा हा खापरपणजोबा.

१८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी दाखवून दिलं, की काचेवरच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवा उजेडही दिसू लागतो. तरी निळ्याची हाव सुटली नाही. म्हणून लेन्सपुढे पिवळी काच आली. पिवळी काच निळा, जांभळा आणि अतिनील उजेड अडवते आणि बाकीचा आत सोडते. आभाळ गडद होतं, ढग वर उठून दिसतात. म्हणजे फिल्टर जन्माला आला तो लेन्स वाचवायला नव्हे. काचेला जे जास्तीचं दिसत होतं ते कमी करून, माणसाच्या डोळ्याला दिसतं तसं चित्र यावं म्हणून.

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, तेव्हाही सिनेमाची फिल्म अशीच लाल रंगाला आंधळी होती. लाल ओठ अशा फिल्मवर काळे येत, निळं कापड पांढरं. कपडे आणि रंगरंगोटी ठरवताना त्या काळच्या जगभरच्या सिनेमावाल्यांना आपला डोळा बाजूला ठेवून फिल्मच्या डोळ्याने बघावं लागे.

काकांनी त्यांचा पिवळा फिल्टर लातूरच्या एका जुन्या फोटोग्राफरकडून जुनाच विकत घेतला होता. मी विचारलं, वापरला का कधी? "चार-दोन बार. शाळेच्या ग्रुप फोटोला. मागं आभाळ चांगलं यायचं. पुन्हा मंग कलर आला, हा डब्यात गेला."

गुलाबी काच

रंगीत रोल आल्यावर जुनीच खोड नव्या रूपात दिसू लागली. कोडॅकचा कोडाक्रोम १९३५ मध्ये आधी सिनेमासाठी आला आणि पुढच्या वर्षी साध्या कॅमेऱ्यासाठी. रंगीत फिल्ममध्ये एकावर एक थर असतात. त्यातला एक फक्त निळ्या उजेडासाठी. तो थर अतिनील उजेडही निळा समजूनच नोंदवतो. त्यामुळे दूरचे डोंगर, बर्फ, समुद्र असे फोटो डोळ्याला दिसतात त्यापेक्षा निळसर आणि धुरकट येत.

हे दूरच्याच गोष्टींना का व्हायचं, याचं कारण हवेत आहे. हवेचे रेणू उजेड विखुरतात, आणि उजेडाची तरंगलांबी जितकी कमी, तितका तो जास्त विखुरतो. तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. हिशोब सोपा आहे. हिरवा उजेड ५५० नॅनोमीटरचा धरा, अतिनील ३५० चा. ५५० भागिले ३५०, त्याचा चौथा घात म्हणजे साधारण सहा. हिरव्यापेक्षा सहापट विखुरलेला अतिनील उजेड मधल्या सगळ्या हवेतून कॅमेऱ्यात येतो आणि डोंगरावर निळा पडदा ओढतो. उंचावर हा त्रास वाढतो. दर हजार मीटर चढलं, की अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते.

यावर उपाय म्हणून अतिनील अडवणारी बिनरंगी काच आली, आणि तिची बहीण म्हणून फिकट गुलाबी स्कायलाइट काच. गुलाबी छटेने सावलीतला निळेपणाही थोडा मारला जायचा. हिमालयात जाणाऱ्याला, समुद्रावर जाणाऱ्याला या काचेचा खरोखर उपयोग होता.

पण चाकूरच्या मांडवात? नवरानवरी दहा फुटांवर. मधे हवा ती किती, आणि ती उजेड विखुरणार किती! शिवाय लेन्सच्या स्वतःच्या काचा बराचसा अतिनील उजेड आधीच गिळून टाकतात. काकांच्या तीस वर्षांच्या लग्नाच्या फोटोंत यूव्ही फिल्टरने रंगात फरक पाडला असेल असं एकही चित्र मला सापडलं नाही.

तरीही तो फिल्टर कायम लेन्सवर होता. कारण एव्हाना काचेची नोकरी बदलली होती. फोटो सुधारण्यासाठी आलेली काच आता राखणदार झाली होती. लेन्सवर धूळ बसण्यापेक्षा फिल्टरवर बसू दे. अक्षता, हळद, गुलाल, बेंजोवाल्याची काठी, जे काय लागायचं ते त्याला लागू दे. ही सवय दुकानदारांनाही सोयीची होती. कॅमेरा विकताना सोबत एक काच विकली जायची.

बिनरंगी काच

डिजिटल कॅमेरा आला आणि दोन गोष्टी एकदम घडल्या. त्या दोन्ही चाकूरपर्यंत कोणी सांगायला आलं नाही.

पहिली गोष्ट. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कारखान्यातच काचांचा एक पातळ थर बसवलेला असतो. अवरक्त उजेड तो अडवतोच. अतिनीलही जवळजवळ पोचू देत नाही. म्हणजे लेन्सपुढच्या यूव्ही फिल्टरचं मूळ काम कॅमेऱ्याच्या पोटातच होऊ लागलं. आमच्या क्षेत्रात अशा गोष्टी खूप बघायला मिळतात. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी एका अडचणीवर चार ओळी लिहिलेल्या असतात. अडचण कधीच संपलेली असते, पण त्या ओळी काढायची कोणाची हिंमत होत नाही. 'असू दे, काही बिघडत तर नाही ना!'

दुसरी गोष्ट अशी, की बिघडतं. फिल्मचा पृष्ठभाग मंद असतो, तिच्यावरून उजेड फारसा परत उसळत नाही. सेन्सर मात्र चकचकीत असतो. आजीच्या फोटोत काय झालं ते आता सांगता येतं. पणतीचा उजेड लेन्समधून सेन्सरवर पोचला. त्यातला थोडा सेन्सरवरून उसळून लेन्समधून उलटा बाहेर निघाला. बाहेर जाताना त्याला माझ्या फिल्टरची सपाट काच आडवी आली. तिथे तो आपटून पुन्हा आत शिरला आणि मध्यबिंदूच्या पलीकडे उलटा उमटला. लेन्सच्या काचा फुगीर असतात, त्यांच्यावरून उसळलेला उजेड बहुतेक पसरून विरून जातो. फिल्टर सपाट असतो, म्हणून त्याच्यावरून आलेली ज्योत ज्योतीसारखीच दिसते.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे जवळजवळ ८ टक्के. दिवसा याने काही कळत नाही. पण अंधाऱ्या घरात पेटती वात आजीच्या सावळ्या कपाळापेक्षा कित्येक हजारपट उजळ असते. तिचा हजारावा हिस्सा जरी भलत्या जागी पडला तरी कपाळ झाकायला पुरतो.

या उसळणाऱ्या उजेडावरचा इलाजही एका मजेशीर निरीक्षणातून निघाला. १८९२ मध्ये इंग्लंडच्या हॅरल्ड डेनिस टेलर यांच्या लक्षात आलं, की वापरून वापरून जुन्या झालेल्या, वरून डागाळल्यासारख्या दिसणाऱ्या लेन्सेस कोऱ्या लेन्सेसपेक्षा जास्त उजेड आत सोडतात! काळाने काचेवर चढवलेला अतिशय पातळ थर उजेडाचं परत फिरणं कमी करत होता. १९३५ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी असा थर मुद्दाम चढवण्याची पद्धत शोधली, आणि ती काही वर्षं लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली गेली. आज चांगल्या फिल्टरवर असे अनेक थर असतात आणि परतणारा उजेड अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. चारशे रुपयांच्या माझ्या काचेवर असला कुठलाच थर नव्हता.

हे सगळं गोळा करून मी काकांसमोर बसलो. मेणबत्तीचे दोन्ही फोटो दाखवले. काकांनी चष्मा वर सारून बराच वेळ बघितलं.

"आमच्या टायमाला असं नव्हतं होत," ते म्हणाले.

"बरोबर आहे काका. तेव्हा रोल होता."

"मंग आता काय, लेन्स उघडी घेऊन फिरणार तू? सोयाबीनच्या राशीवर फोटो काढायलास, बाजूला मळणी यंत्र चालूय, आन् लेन्स उघडी?"

मी म्हटलं, लेन्सची पुढची काच तशी जाड असते. फिल्टर पातळ असतो. जो फटका फिल्टर फोडतो तो लेन्सने सहन केलाही असता. उलट फुटलेल्या फिल्टरचे तुकडेच लेन्सवर ओरखडे पाडतात. लेन्सला हूड लावलं, तर धक्काही वाचतो आणि तिरपा उजेडही.

काका काही बोलले नाहीत. डब्यातला बिनरंगी फिल्टर त्यांनी उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. त्याची कड एका बाजूला चेपलेली होती, काचेला तडा. मग त्यांनी मला कधीच माहीत नसलेली गोष्ट सांगितली. १९९६ मधल्या एका वरातीत घोडं बिथरलं आणि त्याच्या लगामाची कडी सरळ कॅमेऱ्यावर आली. फिल्टर तडकला, कड वाकली, लेन्सला काही झालं नाही. ती लेन्स दोन महिन्यांपूर्वीच घेतली होती. पैसे नव्हते. आजीने हातातल्या पाटल्या काढून गहाण ठेवायला दिल्या होत्या. त्या सुटायला तीन लग्नसराया गेल्या.

"तुझी लेन्स फुटली तर तू ऑनलाइन दुसरी मागवशील," काका म्हणाले. "माझी फुटली असती तर आईच्या पाटल्या गेल्या असत्या."

हातातली काच मी उलटीसुलटी करून बघत राहिलो. माझं गणित चुकलं नव्हतं. पण त्यात पाटल्यांसाठी रकानाच नव्हता.

अजिंठ्याचं वार्निश

त्या रात्री काकांनी आणखी एक फोटो काढला. म्हणजे कपाटातून बाहेर काढला. आजी-आजोबांचा लग्नानंतरचा एकमेव फोटो, काळापांढरा. नव्वदच्या दशकात लॅमिनेशनची लाट आली, तेव्हा काकांनी तो लातूरहून लॅमिनेट करून आणला होता. खराब होऊ नये म्हणून. आता प्लॅस्टिक पिवळं पडलंय, कडेने फुगे आलेत, आणि ते सोलायला गेलं तर फोटोचा थर त्याच्याबरोबर निघतो. "हे बी जपायलाच केलं होतं," काका म्हणाले.

मला अजिंठा आठवला. शाळेच्या सहलीत बघितलेली चित्रं काळपट-पिवळी दिसली होती आणि आम्हाला वाटलं होतं, जुनी आहेत म्हणून. ते अर्धंच खरं आहे.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्यात पोचला आणि बाहेरच्या जगाला लेण्यांची खबर लागली. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षं तिथे राहून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तेच काम करत होते. त्यांच्याही बऱ्याच प्रतिकृती लंडनमधल्या आगीत गेल्या. पण मूळ चित्रांवर मागे राहिलं ते वार्निश. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निशचे हात फिरवले गेले होते.

त्यानंतर निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं सुरू केलं, गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. भिंतींवरचा रंगाचा थर सुटून पडत होता. १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावण्यात आलं. त्यांनी सुटणारे थर पुन्हा भिंतीला चिकटवले, आणि चित्रांवर संरक्षण म्हणून लाखेचं वार्निश दिलं. ते काम झालं नसतं तर काही चित्रं आज भिंतीवर नसती, हे खरं आहे. पण लाख काळाबरोबर पिवळी पडते, धूळ आणि काजळी धरून ठेवते. जे चित्र वाचवायला थर दिला, तोच थर चित्राच्या आणि बघणाऱ्याच्या मधे उभा राहिला. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी तो थर बोटाबोटाने काढायचं काम हाती घेतलं. जिथे तो निघाला, तिथे खालून निळे-हिरवे रंग पुन्हा वर आले.

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातला प्रश्नच बदलला. मी विचारत होतो, काच लावावी की लावू नये. संवर्धन करणारी माणसं आता वेगळा प्रश्न विचारतात: आपण जे करतोय ते उद्या परत काढता येईल का? ते कलाकृतीवर शक्यतो असंच काही लावतात जे पुढच्या पिढीला, मूळ वस्तूला धक्का न लावता, काढता यावं. आपण आज बरोबर आहोत याची त्यांना खात्री नसते, म्हणून ते परतीची वाट मोकळी ठेवतात.

आणि गंमत म्हणजे अतिनील किरणांचा खरा धोका लेन्सला नाहीच, तो चित्रांना आहे. या किरणांनी रंग उडतात, कागद ठिसूळ होतो. म्हणून संग्रहालयांत खिडक्यांना, दिव्यांना, चित्रांच्या फ्रेमच्या काचांना अतिनील अडवणारे फिल्टर बसवतात. यूव्ही फिल्टरने तिथे आजही आपली मूळ नोकरी सोडलेली नाही.

परत चाकूर

लॅमिनेशन निघत नाही. अजिंठ्याचं वार्निश काढायला वर्षं लागतात. फिल्टर मात्र दोन बोटांनी फिरवून पाच सेकंदांत काढता येतो. त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि तोच आपण विसरतो. एकदा बसवला की तो लेन्सचाच भाग आहे असं समजतो. आटे जाम होईपर्यंत हात लावत नाही.

आता माझा नियम साधा आहे. राशीवर, वरातीत, हळदीत, समुद्रकाठी, फुफाट्यात काच लावायची. काही महागड्या लेन्सेस तर अशा आहेत, की पुढे फिल्टर लावल्याशिवाय त्यांची धूळपाण्यापासूनची बंदिस्ती पूर्ण होत नाही, असं कॅननसारख्या कंपनीच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तिथे ती काच जरूर हवी. पण रात्र असेल, समोर दिवा असेल, चंद्र असेल, सूर्य फ्रेममध्ये असेल, तर काढायची. लावायचीच असेल तर चांगल्या थरांची घ्यायची. आणि ती यूव्हीसाठी नाही, धक्क्यासाठी आहे, हे स्वतःला स्पष्ट सांगायचं. एखादी गोष्ट आपण कशासाठी जपतोय हे माहीत असलं, की ती कधी बाजूला ठेवायची हेही कळतं.

आजीच्या फोटोचं काय केलं? चुलतभावाने फोनमधल्या खोडरबराने हिरवी ज्योत पुसून दाखवली. एका सेकंदात कपाळ स्वच्छ झालं. इतकं स्वच्छ, की गोंदणही गेलं. सॉफ्टवेअरने आजूबाजूची कातडी बघून अंदाजाने कपाळ भरलं होतं. ते कोणाचंही कपाळ असू शकलं असतं. काकांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "ही आई नाही."

फोटो होता तसाच छापला. ज्योतीच्या खाली गोंदणाचे दोन ठिपके अजून दिसतात, जवळ जाऊन बघितलं तर. फ्रेमला काच लावायची का, यावर घरात थोडा वाद झाला. शेवटी लावली, अतिनील अडवणारी, आणि मागून चार खिळ्यांवर, म्हणजे केव्हाही काढता येईल अशी. फ्रेम भिंतीला लावताना काकांनी मागचे खिळे एकदा हलवून बघितले.

गेल्या लक्ष्मीपूजनाला मी कॅमेरा काढला, तर काका शेजारी येऊन उभे राहिले. या वेळी लाइट होती. काकांनीच उठून बटण बंद केलं. आई पणत्यांचं ताट घेऊन उंबऱ्याकडे निघाली. मी कॅमेरा डोळ्याला लावणार, तेवढ्यात काकांनी हात पुढे करून लेन्सवरची काच फिरवली, काढली, फुंकर मारून धोतराच्या सोग्यात गुंडाळली.

"काढ आता," ते म्हणाले. "आन् झालं की लगेच दे. परत लावायचीय."